झाडू, हवेची नळी आणि पाण्याची बादली: धातूच्या पावडरीपुढं तिन्ही चुकतात

ॲल्युमिनियमचं पातेलं गॅसवर रिकामंच राहिलं तर काय होतं, तळ वाकडा होतो, फारच विसरलात तर वितळून भोक पडतं, पण पातेल्यानं पेट घेतला असं कुणी ऐकलेलं नसतं. त्यामुळं बफिंगच्या, म्हणजे धातूला घासून चकाकी आणायच्या मशीनखाली साठलेली करडी धूळ बघून कुणाला भीतीच वाटत नाही, धातूच तर आहे, त्याला काय होतंय. आणि भानगड इथंच सुरू होते. तोच ॲल्युमिनियम चिमटीत धरल्यावर बोटाला कळणार नाही इतका बारीक झाला की धातूसारखा वागायचं सोडून देतो, आणि हवेत उडालेला असताना एक ठिणगी मिळाली तर शेडचे पत्रे उचकटून टाकतो.

आता सोलापुरात कुणाकडं असते ही पावडर, असं वाटेल. आपलं नाव चादरी-टॉवेलनं झालंय खरं, पण चिंचोळी, अक्कलकोट रोड, होटगी रोड इकडं जी छोटी-मोठी इंजिनिअरिंगची शेडं असतात तिथं कास्टिंग (ओतीव सुटे भाग) घासणं, बर म्हणजे कडेला राहिलेली खरबरीत धार काढणं, बफिंग करणं ही रोजची कामं, आणि त्या प्रत्येक कामातून धूळ निघते. चंदेरी रंगात चमकतं ते ॲल्युमिनियमचं चूर्ण असतं. बांधकामावर ते हलके करडे-पांढरे एएसी ब्लॉक येतात, त्यांच्या कच्च्या मालात ॲल्युमिनियमची पावडर किंवा पेस्ट असते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत शोभेचं दारूकाम होतं, त्यातला पांढराशुभ्र उजेड ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचाच. फटाक्याच्या दारूचा विषय मात्र इथं घेत नाही, तिथं ऑक्सिजन देणारी रसायनं मुद्दाम मिसळलेली असतात, त्याचे नियम, परवाने सगळं वेगळं आणि जास्त कडक. आपण बोलूया नुसत्या पावडरीबद्दल, जी कुणी मुद्दाम बनवतं किंवा (हे जास्त वाईट) जी आपोआप बनते आणि कुणाच्या हिशोबातच नसते.

आधी हे बघू की बारीक केल्यानं एवढं काय बदलतं. एक सेंटिमीटर बाजूचा ॲल्युमिनियमचा ठोकळा घ्या, वजन २.७ ग्रॅम, सहा बाजू मिळून पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे १० मायक्रॉनचे तुकडे केले, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक, तर एक अब्ज तुकडे होतात आणि सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग ६००० चौरस सेंटिमीटर. हजार पट. एक किलोचा हिशोब केला तर जवळजवळ २४०० चौरस फूट भरतो, म्हणजे दोन-तीन फ्लॅटच्या एरियाएवढा धातू हवेला उघडा. जळणं म्हणजे ऑक्सिजनबरोबर संयोग, आणि तो पृष्ठभागावरच होतो, त्यामुळं जेवढा पृष्ठभाग जास्त तेवढं जळणं वेगात. शिवाय अख्ख्या ठोकळ्याला उष्णता लावली तर ती आत पसरून जाते, पण बारीक कण इतका छोटा असतो की उष्णता जायला त्याच्यात जागाच नसते, लगेच तापतो, पेटतो आणि शेजारच्याला पेटवतो.

आणि जळताना उष्णता किती? एक किलो ॲल्युमिनियम पूर्ण जळाला तर साधारण ३१ मेगाज्यूल, म्हणजे किलोला किलो लावलं तर घरच्या एलपीजीच्या दोन तृतीयांश. ज्योतीचं तापमान ३००० अंशाच्या वर जातं. पातेलं पेटत नाही कारण एक तर ते जाड, आणि दुसरं, त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप तयार झालेला असतो जो आतल्या धातूला झाकून ठेवतो. पावडरीच्या कणावरही तो थर असतो, पण ठिणगीच्या उष्णतेपुढं तो टिकत नाही. मॅग्नेशियम, टायटॅनियम, झिर्कोनियम हे ॲल्युमिनियमचे भाऊबंदच, झिर्कोनियमची अगदी बारीक कोरडी पावडर तर ठिणगीची वाटही बघत नाही, हवा लागली तरी पेटू शकते. जस्त आणि लोखंड त्यामानानं शांत, पण शांत म्हणजे सुरक्षित नव्हे, लोखंडाची गोष्ट पुढं येतेच.

स्फोट व्हायला पाच गोष्टी एकत्र याव्या लागतात. जळणारी धूळ, हवेतला ऑक्सिजन, ठिणगी किंवा गरम काहीतरी, धूळ हवेत पसरलेली असणं, आणि हे सगळं बंदिस्त जागेत असणं. यातला ऑक्सिजन आपण काढू शकत नाही (नायट्रोजन भरलेली यंत्रणा असते पण ती मोठ्यांची कामं), शेड तर बंदिस्त असतेच. म्हणजे आपल्या हातात उरतात तीनच: धूळ साठू न देणं, ती उडू न देणं, ठिणगी न होऊ देणं. ॲल्युमिनियमच्या बारीक धुळीला पेटायला दर घनमीटर हवेत साधारण ३० ते ६० ग्रॅम पुरतात. एवढी धूळ ऐकायला भरपूर वाटते, एवढ्या धुळीत समोरचा माणूस दिसणार नाही आणि कुणी काम करणार नाही, हे बरोबर आहे. पण ती रोजच्या हवेत असायची गरज नाही. ती डक्टच्या, म्हणजे धूळ ओढून नेणाऱ्या नळाच्या आत असते, धूळ गोळा करायच्या बॅग फिल्टरच्या आत तर फिल्टर झटकला की दर वेळी असतेच. आणि सगळ्यात जास्त ती वर असते, छपराच्या कैचीवर, केबल ट्रेवर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर, जिथं कुणी मान वर करून बघत नाही. दहा घनमीटरचा एखादा कोपरा धरा, त्याला अर्धा किलो धूळ बस्स झाली. अर्धा किलो धूळ एका तुळईवर बसलेली असते हो.

म्हणून अशा अपघातात बहुतेक वेळा पहिला दणका छोटा असतो, मशीनमध्ये किंवा डक्टमध्ये फुस्स होतं, आणि त्या धक्क्यानं वर बसलेली सगळी धूळ एकदम खाली येते, आगीच्या मागं मागं. माणसं मरतात ती या दुसऱ्या दणक्यात.

चीनमधल्या कुनशान शहरात २ ऑगस्ट २०१४ ला हेच झालं. गाड्यांच्या अलॉय व्हीलना पॉलिश करायचा कारखाना, ॲल्युमिनियमची धूळ, एका हॉलमध्ये भरपूर माणसं दाटीवाटीनं कामाला, डक्ट वेळेवर साफ केलेले नाहीत, धूळ गोळा करणाऱ्या यंत्राला स्फोटाचा दाब बाहेर सोडायची सोय नाही. मृतांचा आकडा शेवटी १४६ वर गेला. आणि ठिणगी कुठून आली? चौकशीत निघालं की धूळ गोळा व्हायचा ड्रम गंजून फुटला होता, त्यात ओल गेली, ओल्या धुळीत रासायनिक क्रिया सुरू होऊन ती आपोआप तापत गेली आणि पेटली. बिडी नाही, वेल्डिंग नाही, शॉर्टसर्किट नाही. ओल. हे डोक्यात ठेवा, पाण्याकडं आपल्याला परत यायचंय.

लोखंडाची गोष्ट अमेरिकेतली, टेनेसी राज्यातल्या गॅलॅटिन गावची, लोखंडी पावडर बनवायचा कारखाना. २०११ या एकाच वर्षात तिथं तीन घटना घडल्या आणि पाच कामगार गेले. जानेवारीत बकेट एलेव्हेटर, म्हणजे पावडर वर चढवणारा बादल्यांचा पट्टा बिघडला होता, मेंटेनन्सवाल्यांनी त्याची मोटर परत चालू केली, त्या हादऱ्यानं आजूबाजूची धूळ उडाली आणि पेटली. मार्चमध्ये भट्टीच्या दुरुस्तीत ठोकाठोकीनं धूळ पडली. मेमध्ये हायड्रोजनची गळती पेटली आणि त्या धक्क्यानं वरची लोखंडाची धूळ पेटत पेटत खाली आली. पहिल्या दोन्ही वेळा धूळ उडवली ती कुठल्या मोठ्या चुकीनं नाही, साध्या रोजच्या कामानं. मला ही गोष्ट कुनशानपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते, कारण कुनशान ऐकल्यावर आपण म्हणतो आपलं शेड एवढं मोठं नाही, पण मोटर चालू करून बघणारा मिस्त्री सगळ्यांकडं असतो.

आता रोजच्या कामाकडं येऊ. संध्याकाळी शिफ्ट संपली की आपल्याकडं काय होतं, एक जण कॉम्प्रेसरची नळी घेतो आणि मशीन, टेबल, खिडक्या, स्वतःचे कपडे सगळं फुस्स फुस्स करून मोकळा होतो, दुसरा प्लास्टिकच्या झाडूनं सपासप झाडतो. जागा चकाचक दिसते, मालक खूश. पण नळीनं धूळ गेली कुठं? वर. जी खाली पडून निवांत बसली होती तिला आपणच उडवलं, ढग केला, त्यातली सगळ्यात बारीक म्हणजे सगळ्यात धोक्याची धूळ तरंगत जाऊन कैचीवर बसली. लोखंडाच्या चिप्स, कापसाची रुई याला हवा मारायची सवय असते म्हणून इथंही हात तसाच जातो. (रुईला तरी हवा मारावी का हा वेगळा वाद आहे, लूमवाल्यांनी रागावू नये.)

धातूच्या धुळीला हवेची नळी लावायचीच नाही, हा पहिला नियम करा आणि नळीचं टोकच तिथून काढून टाका, बोर्ड लावून काही होत नाही. हळूहळू, नैसर्गिक केसाच्या मऊ ब्रशनं, पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या सुपलीत गोळा करायचं. बाजारात मिळतो तो साधा ड्रमवाला व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याच्या मोटरच्या ब्रशमध्ये ठिणग्या पडतात आणि धूळ मोटरपर्यंत जाते. जळणाऱ्या धातूच्या धुळीसाठी बनवलेले वेगळे व्हॅक्यूम असतात, त्यात धूळ द्रवात बुडवली जाते, महाग आहेत हे खरंय. नसेल परवडत तर ब्रश आणि सुपली, पण रोज. आठवड्यातून एकदा नाही, रोज, आणि महिन्यातून एकदा तरी शिडी लावून वर. किती धूळ म्हणजे जास्त याचं माप सोपं आहे, खालच्या पृष्ठभागाचा रंग दिसेनासा झाला की थांबा, आधी सफाई. वरची सफाई करताना मशीन बंद, लाइट सोडून बाकी करंट बंद, वेल्डिंग-कटिंग तर त्या दिवशी आसपासही नको.

पण खरं काम सफाईचं नाहीच, धूळ जन्मते तिथंच ओढून घ्यायचं आहे. प्रत्येक घासणीच्या चाकाला हूड (धूळ ओढणारं झाकण), त्याला डक्ट, आणि गोळा करायचं यंत्र शेडच्या बाहेर. डक्ट लोखंडी, आतून गुळगुळीत, जोड एकमेकांना वायरनं जोडून अर्थिंग केलेले. पीव्हीसी पाइप स्वस्त पडतो म्हणून कितीतरी ठिकाणी तोच टाकलेला असतो, पण त्यातून कोरडी धूळ वेगानं गेली की आत स्थिर वीज तयार होते आणि जायला रस्ता नसतो. गोळा करणाऱ्या यंत्राच्या डोक्यावर स्फोटाचा दाब बाहेर जायची खिडकी पाहिजे, आणि ती खिडकी चहाच्या टपरीकडं किंवा जाण्यायेण्याच्या वाटेकडं उघडणारी नको.

अजून एक गोष्ट जी पैसे न घालता होते आणि तरी कुणी करत नाही: लोखंड आणि ॲल्युमिनियम एकाच ग्राइंडरवर, एकाच डक्टमध्ये घ्यायचं नाही. लोखंड घासताना ठिणग्या पडतात, त्या थेट ॲल्युमिनियमच्या धुळीत जातात, हे एक. दुसरं, गंज म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, आणि गंज अधिक बारीक ॲल्युमिनियम म्हणजे थर्मिट. रेल्वेवाल्यांना विचारा, रूळ जोडायला हेच मिश्रण पेटवतात आणि वितळलेलं लोखंड सांध्यात ओततात. गंजलेल्या पत्र्यावर ॲल्युमिनियमचा डाग पडलेला असेल आणि त्यावर हातोडा बसला तरी ठिणगी निघू शकते.

स्थिर वीज हा प्रकार लोकांना पटत नाही कारण दिसत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडं हवा किती कोरडी होते माहितीच आहे, स्वेटरशिवायसुद्धा गाडीच्या दाराला हात लावला की चटका बसतो. माणसाच्या अंगावर दहा हजार व्होल्टपर्यंत भार सहज चढतो आणि त्याच्या ठिणगीत साधारण १० मिलिज्यूल ऊर्जा असते. ॲल्युमिनियमच्या अगदी बारीक धुळीच्या ढगाला पेटायला याच्या आसपास किंवा याहूनही कमी पुरते. म्हणजे तुमचं बोटच काडीपेटी. म्हणून पावडर ओतताना दोन्ही डबे एकमेकांना क्लिपनं जोडून अर्थिंगला लावायचे, क्लिप रंगावर नाही, रंग खरवडून उघड्या धातूवर. प्लास्टिकची बादली, प्लास्टिकचा मग, आतली पॉलिथिनची पिशवी झटकणं, सगळं बंद. ओतणं सावकाश, उंचावरून नाही. पायात अँटिस्टॅटिक बूट. आणि कपडे सुती, ज्या गावात आयुष्यभर सूत विणलं तिथं हे सांगावं लागतं कारण युनिफॉर्म स्वस्त पडतो म्हणून टेरिकॉटचा शिवलेला असतो. खिशांना झाकण, पँटच्या खाली दुमड नको, दुमडीत धूळ साठते आणि ती घरापर्यंत जाते.

मोटरा, स्विच, लाइट हे धुळीसाठी बनवलेले हवेत, धूळ आत न जाणारे. नुसता वरचा बॉक्स बंद आहे म्हणून चालत नाही, मोटरवर थर बसला की ती गरम होते आणि थर तापत जातो. हे काम इलेक्ट्रिशियनकडून तुकड्या-तुकड्यात करून घेऊ नका, कुठल्या भागात धूळ किती वेळ असते ते आधी ठरवून मग सामान घेतलं जातं, त्याची भारतीय मानकं आहेत आणि ती वाचणारे सल्लागार असतात.

आता पाणी. ॲल्युमिनियम आणि पाणी यांची क्रिया होऊन हायड्रोजन निघतो. एएसी ब्लॉकमध्ये हेच मुद्दाम घडवतात, चुन्याच्या गाऱ्यात चिमूटभर पावडर पडली की बुडबुडे सुटतात, गारा फुगतो, म्हणून तो ब्लॉक हलका. चुन्यासारखी अल्कली असेल तर क्रिया जोरात, साध्या पाण्यात सावकाश, पण होते. एक किलो ॲल्युमिनियम पूर्ण मुरला तर जवळजवळ १२४० लिटर हायड्रोजन, म्हणजे सव्वा घनमीटर. आणि हायड्रोजन हवेत चार टक्क्यांपासून पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत कितीही असला तरी पेटतो, त्याला लागणारी ठिणगी इतकी छोटी की डोळ्याला दिसत पण नाही.

यातून गंमत अशी होते की पावडर एक तर पूर्ण कोरडी पाहिजे नाहीतर भरपूर पाण्यात पूर्ण बुडालेली पाहिजे. अर्धवट ओली सगळ्यात वाईट, ती तापते पण तापलेली उष्णता वाहून न्यायला पुरेसं पाणी नसतं. कुनशानचा ड्रम हा असा अर्धवट ओला होता. म्हणून धूळ ओढायला पाण्याचं यंत्र, म्हणजे वेट स्क्रबर लावला असेल तर तो मशीनच्या आधी चालू झाला पाहिजे, तसं इंटरलॉकच, म्हणजे तो चालू नसेल तर मशीनच सुरू होणार नाही अशी सोय करून घ्या. त्यातला गाळ रोज काढायचा, पाण्याखालीच ठेवायचा, आणि ज्या पिंपात ठेवाल त्याचं झाकण घट्ट नको, वर गॅस जायला वाट पाहिजे, पिंप उघड्यावर, सावलीत. गड्ड्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस यंत्र बंद राहिलं आणि टाकीत गाळ तसाच राहिला तर वरच्या पोकळीत हायड्रोजन साठलेला असतो, सुट्टीवरून आल्या आल्या बटण दाबायचं नाही, आधी झाकणं उघडून हवा खेळू द्यायची. बंद डबा फुगलेला दिसला तर तो कुणी उघडून बघायचा नाही, त्याच्या जवळचं सगळं बंद करून लांब व्हायचं आणि माल देणाऱ्याला फोन.

साठवणीचं बरंचसं यातूनच आपोआप निघतं. वेगळी खोली, भिंती विटांच्या, माळा नाही, छत न गळणारं. आपल्याकडं पाऊस कमी म्हणून पत्र्याच्या भोकाकडं कुणी बघत नाही, पण परतीचा पाऊस एका रात्रीत सगळं भिजवतो. त्या खोलीतून पाण्याची पाइपलाइन जाता कामा नये, कूलर नको, वर टाकी नको. ड्रम जमिनीवर नाही, लाकडाऐवजी लोखंडी पॅलेटवर, मूळ झाकणासकट, आणि उघडलेला ड्रम लगेच बंद. शेजारी ॲसिड नको, कॉस्टिक नको, ब्लीचिंग पावडर किंवा कुठलंही ऑक्सिजन देणारं रसायन नको, ग्रीस धुवायची क्लोरिनवाली सॉल्व्हंट नकोत. डाइंगवाल्यांकडं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि कॉस्टिक दोन्ही असतात, एकाच कंपाउंडमध्ये दोन धंदे असतील तर गोदाम वाटून घेताना हे बघा. कामाच्या जागेवर एका शिफ्टला लागेल तेवढीच पावडर आणायची. जुना माल आधी संपवायचा.

ड्रमवरचं लेबल बघायची सवय लावा. तांबड्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्या आणि वर ज्योत, म्हणजे जळणारा घन पदार्थ. निळा चौकोन आणि ज्योत, म्हणजे पाणी लागलं की जळणारा वायू सोडतो. ॲल्युमिनियमची पावडर दोन प्रकारची येते, कणांवर स्टिअरिक ॲसिडसारखं काही चढवलेली, तिचा यूएन नंबर (धोक्याच्या मालाचा जगभर चालणारा क्रमांक) १३०९, आणि न चढवलेली, १३९६, दुसरी पाण्याच्या बाबतीत जास्त धोक्याची. मॅग्नेशियम पावडरचा १४१८. मालाबरोबर सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्याच्या धोक्यांची माहिती लिहिलेला कागद मागून घ्या, देत नसतील तर त्यांच्याकडून माल घेऊ नका, एवढं साधं. कायद्याच्या बाजूनं बोलायचं तर १९४८ च्या कारखाने कायद्याचं (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या संहितेनं घेतली) कलम ३७ याच विषयावर लिहिलेलं होतं, धूळ कोंडून ठेवा, साठू देऊ नका, ठिणगीचं कारण दूर ठेवा, आणि यंत्र स्फोट झेलणारं नसेल तर दाबाला वाट द्या. पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचं वाक्य आहे, अजून एक शब्द शिळा नाही.

आणि तरी आग लागली तर. अक्कलकोट रोडला १८ मे २०२५ ला टॉवेलच्या कारखान्यात आग लागून आठ जण गेले, तेव्हा तासन् तास बंबांनी पाणी मारलेलं सगळ्या गावानं बघितलं. कापडाला पाणीच लागतं. त्यामुळं आग म्हटलं की आपला हात बादलीकडं जातो, आणि धातूच्या पावडरीला नेमकं तेच घातक. जळत्या मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमवर पाणी पडलं की एकीकडं वाफेचा भडका, दुसरीकडं हायड्रोजन, आणि फवाऱ्यानं उडालेली पावडर तिसरीकडं. सीओटूचा सिलिंडर? मॅग्नेशियम कार्बन डायऑक्साइडमध्येसुद्धा जळतं, त्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि काळा कार्बन मागं ठेवतं. शिवाय त्याचा झोत पावडर उडवतो. भिंतीवर टांगलेला नेहमीचा एबीसी पावडरचा सिलिंडर पण इथं कामाचा नाही. फोम म्हणजे पाणीच.

धातूच्या आगीला ‘डी’ क्लास म्हणतात आणि तिचे सिलिंडर वेगळे मिळतात, त्यातला एक प्रकार मिठाचा, म्हणजे सोडियम क्लोराइडचा, आगीवर पडल्यावर वितळून पापडी धरतो आणि हवा तोडतो. स्वयंपाकघरातलं मीठ त्याला पर्याय नाही, ते ओल धरतं. दुसरा स्वस्त उपाय कोरडी वाळू, पण कोरडी म्हणजे खरंच कोरडी. लाल बादल्यांमधली आपली वाळू कशी असते सांगायला नको, वर मावा थुंकलेला, खाली पावसाचं पाणी. ती जळत्या धातूवर टाकली तर पाणी टाकल्यासारखंच. वाळू भाजून, झाकणाच्या डब्यात, पावडरीच्या जागेपासून चार पावलांवर, लांब दांड्याच्या फावड्यासकट ठेवा. मॅग्नेशियम असेल तर वाळूवर विसंबू नका, फार तापलं की ते वाळूशीपण क्रिया करतं, तिथं डी क्लासचा सिलिंडरच.

टाकायची पद्धत पण वेगळी. जोरात फेकायचं नाही, ढिगाऱ्याच्या कडेनं आधी बांध घालायचा आणि मग बाजरीच्या भाकरीवर तीळ लावतात तसं हलक्या हातानं वरून झाकत जायचं. मशीन, पंखे, ब्लोअर बंद, दारं उघडून वारा आत घ्यायचा नाही. झाकल्यावर वरून शांत दिसेल, आत कितीतरी तास लाल असतं, उकरून बघायचं नाही. आणि हे सगळं फक्त परातीएवढ्या आगीसाठी. ड्रम पेटला, डक्ट पेटला, धूळ उडायला लागली, तर हिरोगिरी नको, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करताना पहिलं वाक्य हेच सांगा की धातूची पावडर जळतेय, पाणी मारू नका. गेटवरच्या वॉचमनला हे वाक्य पाठ असलं पाहिजे, कारण रात्री दोनला फोन तोच करणार. जमलं तर अग्निशमन दलाच्या लोकांना शांत दिवसात एकदा बोलावून गोदाम दाखवून ठेवा.

राहिला भंगारवाला. फिल्टरमधली धूळ, बफिंगची राख, गाळ हे सगळं आपल्याकडं सिमेंटच्या रिकाम्या गोणीत भरून किलोवर विकतात, आणि ती गोणी तीनचाकी टेम्पोत लोखंडाच्या भंगाराखाली, उन्हात, गॅस कटरनं काम चालतं अशा दुकानात जाऊन पडते. आपल्या गेटबाहेर गेली म्हणजे आपली जबाबदारी संपली असं मालक लोक समजतात, पण ती गोणी पेटली तर पोरगं कुणाचं तरी असतंच. कोरडी धूळ झाकणाच्या लोखंडी डब्यात, गाळ पाण्याखाली वाट ठेवलेल्या पिंपात, वर मराठीत मोठ्या अक्षरात काय आहे ते लिहून, आणि द्यायचं तर घातक कचरा उचलायची परवानगी असणाऱ्यालाच. किलोला दोन रुपये कमी मिळतील किंवा उलट आपल्यालाच द्यावे लागतील, ते भाव ठरवतानाच धरा.